मुका उतारा

वरकुट्यातल्या ज्ञानेशच्या पॅकिंग शेडमध्ये त्या गुरुवारी संध्याकाळी ढोबळी मिरचीचा एक नग नव्हता. माणसं मात्र मिरचीसारखीच दाबून भरली होती. बायका वजनकाट्याच्या अंगाला, पुरुष दाराच्या अंगाला, आणि ज्यांना कुठंच जागा मिळाली नाही ते रिकाम्या क्रेटवर क्रेट रचून वर चढलेले. मधोमध लाल कापडात गुंडाळलेली कुंडी. कुंडीत हातभर उंचीचं, रुंद पानांचं झाड. हिरव्या पानांवर पांढुरके शिंतोडे, जणू कुणा रंगाऱ्यानं ब्रश झटकला असावा. कुंडीच्या उजव्या हाताला प्लास्टिकच्या खुर्चीत ज्ञानेशची दहा वर्षांची श्रेया बसली होती आणि डाव्या हाताला पालथ्या पाटीखाली तिची मांजर कोंडली होती.

डॉक्टर करुणा दारातच थांबली. लासुर्ण्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ती दोन वर्षांपासून होती. शेजारच्या संभाजीच्या व्यालेल्या गाईचा जार अडकला म्हणून आली होती. ते काम उरकून, हात धुऊन, गमबूट तसेच घालून ती गर्दी कसली ते बघायला आली.

"कोण आहेत हे?" तिनं संभाजीला विचारलं.

"पर्णानंद महाराज. पानबाबा म्हंत्यात. पानानं रोग काढत्यात म्याडम, हातानं काढल्यावानी."

पानबाबा चाळिशीतला, धुतल्या अंगाचा माणूस होता. हिरवं धोतर, हिरवी शाल, कानात हिरव्या खड्याची भिकबाळी. पोपटाला उणेपणा येईल असा थाट. माइक मात्र काळा होता, आणि त्यावर त्याचा जीव फार.

"रोग म्हंजे काय?" तो गरजला. "रोग म्हंजे रेंज! मोबाईलला रेंज टावरवरनं येती, रोगाला पूर्वजन्मावरनं येती. डाक्टर काय करतो? मोबाईल बदलतो! अरे, टावर कोण काढणार? हे झाड टावर काढतंय. अमेरिकेतलं शास्त्रज्ञ ह्या पानापुढं गुडघं टेकून बसलं. म्हणाले, महाराज, आमच्या दुर्बिणीत मावंना!"

क्रेटवरच्या कुणीतरी टाळी वाजवली. खालच्या क्रेटवाल्यानं त्याला हलू नको म्हणून दटावलं.

"पर रोग हवंत सोडता येत न्हाय," पानबाबा आवाज खाली घेत म्हणाला. "सोडला तर शेजाऱ्याला लागंल. म्हणून आपल्या वाडवडलांनी काय केलं? उतारा केला. भाकरीचा उतारा, नारळाचा उतारा. आपला मुका उतारा. माणसाचा रोग पानात, पानातला मुक्या जीवात, आन् मुका जीव झाडाच्या पुण्याईनं स्वर्गात."

त्यानं एका बाटलीतलं तेल तळहाताला चोळलं, बोटांना चोळलं, मनगटापर्यंत नेलं. मग सुरीनं झाडाचं एक पान देठासकट कापलं, श्रेयाच्या डोक्यावरून सात वेळा ओवाळलं, पाटावर बारीक चिरलं आणि सुकटीच्या चुऱ्यात, तुपात कालवलं. महाराज स्वतः माळकरी असल्याचं त्यांच्या शिष्यानं आधीच दोनदा सांगितलं होतं, पण नैवेद्य ज्याचा त्याला. पाटी उचलली. मांजर घाबरली होती. तरी सुकटीचा वास हा मांजराच्या विश्वातला मोठा महाराज. तिनं घास घेतला. दुसरा घेतला.

तिसऱ्याला तिनं तोंड झटकलं. पुन्हा झटकलं. पुढच्या दोन्ही पंजांनी ती जबडा ओरबाडू लागली. तोंडातून फेस आला, लाळेची तार जमिनीला टेकली. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

"बुंदी!" श्रेया खुर्चीतून उठली. आजीनं तिला खाली दाबलं.

"बगा!" पानबाबानं माइक उंचावला. "आवाज कुणाचा गेला? रोगाचा गेला! पोरीचा रोग मुका झाला!"

शेड हादरलं. बायकांनी हात जोडले. त्या कल्लोळात मांजर फेसासकट माणसांच्या पायांतून सुटली, दारातून बाहेर पडली. करुणा तिच्यामागे धावली. शेततळ्याच्या बांधापर्यंत गेली, मिरचीच्या शेडनेटखाली वाकून शोधलं, हातावर दोन ओरखडे घेतले. मांजर काही सापडली नाही. श्रेयाची आई संजीवनी पदर सावरत आली, तेव्हा करुणानं तिला एवढंच बजावलं, "सापडली की तोंड गार पाण्यानं धुवा. उलटी काढायला जाऊ नका. आणि सकाळी दवाखान्यात घेऊन या."

तेवढं सांगून ती गाडीत बसली. शेडमध्ये पुढे काय झालं ते तिनं पाहिलं नाही. पुढे कित्येक दिवस हीच गोष्ट तिला टोचत राहिली. मांजरामागे ती धावली, आणि पोर मागं राहिली.

*

करुणाला नोंदी ठेवायची खोड होती. सरकारी रजिस्टर वेगळं. तिची स्वतःची एक वही होती. जनावर, गाव, काय खाल्लं, किती वाजता, आधी कुठलं लक्षण. वडील म्हणायचे, ही पोर लग्नातसुद्धा पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं ते टिपून घेईल. रात्री तिनं वही चाळली. तीन आठवड्यांत तीन नोंदी सापडल्या. कऱ्हाटीची मांजर, लाळ आणि सुजलेली जीभ. लासुर्ण्याचं कुत्र्याचं पिल्लू, फेस. पुन्हा कऱ्हाटी, मोठा कुत्रा, आवाज बसलेला. तिघांच्याही पुढे तिच्याच अक्षरात एक ओळ होती, जिच्याकडे तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं: घरात नवी कुंडी, लाल कापड.

सकाळी साडेनऊला संजीवनी स्कूटीवरून आली. पिशवीत बुंदी. करुणानं मांजर टेबलावर घेतली. दवाखान्याचा परिचर बुद्धभूषण यानं टॉवेलात धरली. जीभ सुजली होती, ओठाच्या आत लालभडक, पण गळा मोकळा होता. तोंड धुतलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, थंडगार दूध पुढं ठेवलं. बुंदीनं वास घेतला, एकदा चाटलं.

"जगंल का हो?" संजीवनीनं विचारलं.

"जगेल. दोन दिवसांत हिंडू-फिरू लागेल. मरायसारखं विष नाही ते. फार वाईट खाज आहे."

संजीवनीचा चेहरा उजळायला हवा होता. तो उतरला. "म्हंजे हिला काय झालंच न्हाय?"

"तुम्हाला मरायला हवी होती का?"

"तसं न्हाय वो." ती पदराचं टोक पिळू लागली. "हिच्यात रोग गेला म्हणले ना. मग पोरगीला बरं वाटाय पायजे. काल रात्रीपासनं पाण्याला खळ न्हाय तिच्या. पाटंपासनं दोनदा उलटी झाली. आन् श्वास कसा... धाप लागल्यावानी, पर पळाली तर न्हाय."

करुणाचा हात मांजराच्या पाठीवर थांबला. "श्रेयाला आजार कसला आहे?"

"साखरंचा. सहा वर्षांची असताना सापडला. दिवसाला चार सुया हायत्या."

"आहेत की होत्या?"

संजीवनीनं नजर मांजराकडं वळवली.

"वहिनी, शेवटची सुई कधी दिली?"

"काल दुपारी, जेवनाआधी. एक वाजला आसंल." मग बांध फुटला. "त्यांनी काल मशीन लावून दावलं, एकशे बारा! चार वर्षांत संध्याकाळी कधी एवढी चांगली आली न्हाय. सगळ्यांनी बघितली. मग महाराज म्हणले, आता सुई टोचली तर रोग वाट चुकून माघारी येतो. इन्शुलिन, सुया, मशीन, सगळं फडक्यात बांधून कुंडीत पुरलं. मी म्हणाले रातची तेवढी देऊ द्या. सासूबाईंनी पाया धरले माझे. सासू सुनंच्या पाया पडली, मी काय करू?"

करुणानं घड्याळ पाहिलं. रात्रीची लांब पल्ल्याची मात्रा परवा दिलेली, तिचा असर काल रात्री संपला. म्हणजे जवळजवळ अर्धा दिवस पोरीच्या अंगात इन्शुलिन नाही. माणसांची डॉक्टर ती नव्हती. पण इन्शुलिनशिवाय रक्तात आम्ल चढतं, आणि त्यात उलटीची पायरी कुठली आणि त्या खोल श्वासाची कुठली, एवढं तिला कळत होतं. शेवटची पायरी कोणती, तेही.

"बुद्धभूषण, एकशे आठला फोन लाव. वरकुटे, ज्ञानेशचं पॅकिंग शेड. दहा वर्षांची मुलगी, इन्शुलिन बंद, उलट्या, श्वास. हेच शब्द सांग, एकही गाळू नको."

"आन् मांजर?"

"बरोबर घे."

*

गाडीत बसताना बुद्धभूषणनं सांगितलं, रुग्णवाहिका इंदापुरातून निघाली, अर्धा तास धरा. ती पोहोचल्या पोहोचल्या पोरगी आत गेली पाहिजे, असं करुणाच्या डोक्यात घणासारखं आदळत होतं. गर्दीनं रुग्णवाहिका अडवली तर?

गर्दी होतीच. पानबाबा आज 'साक्ष' द्यायला, म्हणजे पोरगी बरी झाल्याचं सगळ्यांना दाखवायला आला होता. श्रेया शेडमध्येच गादीवर आडवी. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. भात्यासारखी छाती खालीवर होत होती. जवळ वाकताच करुणाला तिच्या श्वासाचा वास आला, पेरू फार पिकून सडायला लागल्यावर येतो तसा. उशाशी आजी, द्वारकाबाई, पदरानं वारा घालत होती. करुणानं हात पुढं केला, तसा ज्ञानेश आडवा आला.

"म्याडम, जनावरं बाहेर हायती."

"ज्ञानेशराव, मुलगी गंभीर आहे. सुई बंद केल्यानं हे झालंय. रुग्णवाहिका येतेय. बारामतीला न्यायचं, आत्ता."

"रोग जाताना तरास देतोच. महाराजांनी कालच सांगितलंय." त्याचे डोळे लाल होते, रात्रभर जागलेले. "आन् तुमचा देवावर इश्वास न्हाय, ठावं हाय आमाला. तुमच्या लोकांचं येगळं."

बुद्धभूषणचा जबडा आवळला. करुणानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. अपमानाला उत्तर द्यायला तिच्याकडं उरलेलं आयुष्य होतं, पोरीकडे नव्हतं.

"माझ्यावर नका ठेवू विश्वास. बुंदीवर ठेवा." तिनं पिशवी उघडली. बुंदीनं डोकं वर काढलं. सुजलेली, केविलवाणी, पण जिवंत, आणि ओठाला दुधाचा थेंब. "काल हिच्यात चार वर्षांचा रोग गेला ना? मग ही दूध कशी पिते?"

गर्दीत कुजबूज झाली. पानबाबा क्षणभर अडखळला आणि लगेच सावरला. अशा माणसाचा धंदाच सावरण्याचा.

"हेच! हेच सांगायला आलो मी! म्याडमनी मांजर नेली, सुई मारली, आन् रोग माघारी हाकलला! पोरगी का तळमळतिया? ह्यांच्या सुईमुळं!"

शंभर डोळे करुणाकडे वळले. कुणीतरी शिवी हासडली. ज्ञानेश एक पाऊल पुढं आला.

"घाबरू नका," पानबाबा म्हणाला. "उतारा परत करू. मोठा जीव आणा. घरचा कुत्रा आणा."

कुत्रा साखळीनं ओढत आणला. शेपूट पायांत घातलेला. पानबाबानं बाटली काढली, तळहाताला तेल चोळलं, बोटांना चोळलं, मनगटापर्यंत नेलं. सुरी उचलली.

"महाराज," करुणा मोठ्यानं म्हणाली, "सात पिढ्यांचे रोग ओढणारे तुम्ही. कुत्रा कशाला? एक घास तुम्हीच खा. पोरीचा रोग तुमच्यासारख्या पुण्यवंतात जाईल, मुका जीव वाचेल."

"मी माध्यम हाय, पात्र न्हाय!"

"मग अर्धा घास."

कुणीतरी हसलं, आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. ज्ञानेशनं करुणाचा दंड धरला, "चला बाहेर!" आणि त्याच क्षणाला गादीजवळून आवाज आला.

"थांब ज्ञानू."

द्वारकाबाई उठत होती. सत्तरीची, बुटकी, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. वरकुट्यात कुणाच्याही घरी लग्न असलं की पंगतीची अळूची भाजी आणि सुरणाच्या फोडी तिच्याच हातच्या. चाळीस वर्षं. ती पोरीकडं बघत नव्हती, करुणाकडं बघत नव्हती. पानबाबाच्या हातांकडं बघत होती.

"म्हाराज, त्याल कशाला लावलंसा?"

"मंत्रवलेलं हाय, आजी. संरक्षण."

"कशापासनं?"

"रोगापासनं."

"रोग तर नातीत हाय. पानात अजून आलाच न्हाय. ववाळलं कुठं तुमी? चिरायच्या आधीच त्याल लावलं. काल बी आधीच लावलं." ती सावकाश पुढं आली. "मी बी लावती. सुरण चिरताना. न्हायतर हात रातभर खाजत्यात."

"ह्यो दैवी वृक्ष हाय! बाईमाणसानं हात लावायचा न्हाय!"

"माज्या हातचं आख्खं गाव जेवलंय. सरक."

करुणा धावली. "आजी, तोंडात घालू नका! गिळू नका!" तोवर म्हातारीनं कापलेल्या देठाचं टोक खालच्या ओठाच्या आत टेकवलं होतं. टेकवलं, काढलं, आणि देठ जमिनीवर टाकलं.

क्रेटवरचे श्वास रोखून उभे. ऐकू येत होता तो फक्त श्रेयाचा, खोल, घाईचा. करुणा बाहेर रस्त्याकडं कान लावून होती. भोंगा अजून नव्हता.

म्हातारीच्या कपाळावर आठी पडली. तिनं ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं. ओठ फुगला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ सुटली, तिनं ती पदरानं पुसली आणि पुन्हा सुटली. बुंदीसारखीच. बोलली तेव्हा आवाज घोगरा होता, जिभेत अडकणारा, पण शेवटच्या क्रेटपर्यंत गेला.

"ह्ये अळू हाय. अळवाचा भाऊ हाय ह्यो, नुसता रंगून आनलाय." तिनं पानबाबाच्या तोंडासमोर बोट नेलं. "माज्यात कुणाचा रोग शिरला सांग. नाव घे. कुणाचा?"

"तुमची... तुमची श्रद्धा डळमळली, म्हणून झाडानं..."

"अळवाला खाजायला श्रद्धा लागती व्हय रं?"

आधी संभाजी हसला. मग बायका. पण ते हसू लांब गेलं नाही, कारण द्वारकाबाई हसत नव्हती. ती लेकाकडं वळली होती.

"ज्ञानू, मी आनला ह्याला. पोरीच्या पोटाला रोज चार सुया मला बघवत न्हवत्या. माजी चूक झाली. कुंडी फोड."

ज्ञानेश उभाच राहिला. कुंडी संजीवनीनं उचलली आणि जमिनीवर आपटली. मातीतून लाल फडकं निघालं. तिनं यंत्र काढलं, पदरानं पुसलं, पोरीचं बोट पाण्यानं धुऊन कोरडं केलं, टोचलं. रोज चार वेळा टोचणारा हात. तो चुकला नाही. पाच सेकंद झाले. यंत्रावर आकडा आलाच नाही. आकडा मोजायच्या पलीकडे गेला की ते यंत्र जी खूण दाखवतं, ती आली. चार वर्षांत संजीवनीनं ती एकदाच पाहिली होती, आजार सापडला त्या दिवशी.

तिनं यंत्र नवऱ्यासमोर धरलं.

ज्ञानेशनं पोरीला उचललं. बाहेर भोंगा वाजला. जी गर्दी अडवेल अशी करुणाला भीती होती, तीच गर्दी दोन्ही अंगांना फाकली, आणि क्रेटवरची माणसं उड्या टाकून रुग्णवाहिकेला वाट करायला पळाली.

*

रुग्णवाहिका गेल्यावर पानबाबा शेडच्या मागच्या दारानं निघाला होता. संभाजी आणि चौघांनी त्याला वजनकाट्यावर बसवून ठेवलं होतं. तो शापाची भाषा बोलत होता. पोलीस येईपर्यंत मारामारी होऊ नये म्हणून करुणा थांबली, आणि थांबली म्हणून बोलली. माइक तिथंच पडला होता. तिनं तो घेतला नाही.

"आजींनी सगळं सांगितलंच आहे," ती म्हणाली. द्वारकाबाई शेजारीच गार दुधाचा पेला ओठाला लावून बसली होती. "हे डिफेनबेकिया. कुठल्याही नर्सरीत मिळतं, शोभेला घरात ठेवतात. अळू, सुरण, हे, सगळं एकाच कुळातलं. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, डोळ्यांना न दिसणारे. चावलं की जिभेत, गळ्यात घुसतात. म्हणून लाळ, म्हणून फेस, म्हणून आवाज बसतो. त्याच्यात ना रोग, ना पुण्य. ज्या मांजराला ते सुकटीत घालून द्याल, त्याला फेस येणारच. खुर्चीत पोरगी बसली असली काय आणि रिकामी असली काय."

"आन् मशीनवरचं एकशे बारा?" संभाजीनं विचारलं. "ते तर आमी डोळ्यांनी बघितलं."

"दुपारी एकला सुई दिली होती. त्याच्या आदल्या रात्रीची मोठी मात्राही अंगात होती. एकशे बारा त्या सुयांनी आणले. बाबानं वेळ तेवढी नीट निवडली." ती थोडी थांबली. "कऱ्हाटीलाही बाबाचा मांडव पडला होता. तिथं ज्यांची कंबर आपोआप बरी झाली, ते बाबाबरोबर मांडवात येऊन बोलले. ज्यांची नाही झाली, ते घरीच झोपून राहिले. त्यांना माइक कोण देणार?"

वजनकाट्यावरचा पानबाबा म्हणाला, "तुमी नास्तिक!"

"असेन," करुणा म्हणाली. "पण मी कुत्र्याला जे दिलं नसतं, ते तुम्हीही खाल्लं नाहीत. तेवढ्यापुरते आपण दोघं सारखेच."

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून घेतली. तक्रारदार म्हणून अंगठा कुणाचा, असं हवालदारानं विचारलं, तेव्हा द्वारकाबाई सुजल्या ओठानं म्हणाली, "अंगठा न्हाय. सही करती मी."

*

श्रेया दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. पहिल्या रात्री डॉक्टरांनी संजीवनीला सांगितलं, दुपार झाली असती तर आम्हालाही काही करता आलं नसतं. आठव्या दिवशी ती घरी आली. बुंदी दारातच होती. तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला, फाटका, पण आला.

त्यानंतरच्या आठवड्यात करुणानं वरकुट्यात एक चक्कर मारली. सुई टोचायला नव्हे, कुंड्या बघायला. लोकांनी आता उलटंच धरलं होतं. घरातलं प्रत्येक झाड उपटून उकिरड्यावर. संभाजीनं तुळससुद्धा बाहेर काढली होती.

"अहो, तुळशीनं काय केलंय?" ज्ञानेशच्या ओसरीवर जमलेल्यांना करुणा म्हणाली. "तुळस ठेवा, जास्वंद ठेवा. कोळ्याचं झाड म्हणतात ते बारीक लांब पट्ट्यांचं, अरेका पाम, नेचे, सगळं घरात ठेवा. मांजरानं, कुत्र्यानं कुरतडलं तरी फार तर एखादी उलटी. मनी प्लांट डिफेनबेकियासारखाच खाजरा, तेव्हा तो वर टांगा, पंजा पोचणार नाही असा. कण्हेर अंगणातही नको, ती हृदय बंद पाडते. कुत्रा असेल त्या घरात सायकस नको, त्याच्या बिया कुत्र्याचा जीव घेतात. आणि मांजर असेल त्या घरात लिली आणूच नका, फुलदाणीतसुद्धा. तिचा पराग अंगावर पडला आणि मांजरानं अंग चाटलं, एवढ्यानं त्याची मूत्रपिंडं जातात."

"आन् खाल्लंच कुणी तर?" श्रेयानं विचारलं. ती ओट्यावर बुंदीला मांडीवर घेऊन बसली होती.

"तोंड धुवायचं. घरी उलटी काढायची नाही. किती वाजता खाल्लं ते लिहायचं. आणि त्या झाडाचा तुकडा पिशवीत घालून जनावराबरोबर माझ्याकडे आणायचा. नाव माहीत नसलं तरी चालेल, पान दिसलं की मला कळतं."

श्रेया विचार करत होती. "म्हंजे झाड वाईट नसतंय. कुणाला काय चालतं, ते बघायचं. जशी मला बुंदी चालत न्हाय."

"मांजर?"

"खायची बुंदी! म्हणून तर हिचं नाव ठेवलं. एक तरी बुंदी माझी असावी."

संजीवनी आतून इन्शुलिनचं पेन घेऊन आली. जेवणाची वेळ झाली होती. श्रेयानं झगा वर केला. द्वारकाबाई एरवी या वेळी उठून गोठ्यात जायची. आज ती बसून राहिली. सुई टोचली, निघाली. म्हातारीनं नजर हलवली नाही.

"आजी, बघवतंय का?" करुणानं हळूच विचारलं.

"न्हाय बघवत," द्वारकाबाई म्हणाली. "पर बघायचं. बघवंना म्हणूनच त्याला घरात घेतला मी." मग ओसरीवर जमलेल्या आयाबायांकडे वळून ती म्हणाली, "अळू खाजतंय हे आपल्याला आईच्या पोटात असल्यापासनं ठावं हाय. म्हणून आपन चिंच घालतो, शिजवतो, हाताला त्याल लावतो. चुलीपाशी जेवढी अक्कल चालवतो, तेवढीच दारात आल्या म्हाराजापाशी चालवा. दुसरं काय मागत न्हाय मी. जे खाजतंय त्याला खाज म्हना. चमत्कार म्हनू नका."

बुंदीनं मांडीवरून उडी मारली, कुंडीतल्या तुळशीचा वास घेतला, तिला ती आवडली नाही, आणि ती चुलीकडं सुकट शोधायला निघून गेली.